बाविसावी जागा

परंडा, २२ जून २०२५

वस्ताद,

साष्टांग नमस्कार. साष्टांग घालायला आता कंबर परवानगी देत नाही, म्हणून कागदावर घालतो. कागदावर मी सगळंच बरं घालतो, असं तुम्हीच म्हणायचा.

फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही एकदा 'हं' म्हणता आणि 'धर गं' करून फोन दैवशालाकडं देता. मग तुमची लेक आणि मी जळकोटच्या पाऊसपाण्यावर बोलतो. तीन वर्षांत तुमचं-माझं एवढंच बोलणं झालंय. म्हणून पत्र.

कारण शुभ आहे. आपल्या तालमीला या नागपंचमीला पंच्याहत्तर वर्षं होतात. महारुद्रनं समिती केली आहे. तुमच्या हाताखाली होता तेव्हा त्याला बैठकांचा कंटाळा होता. आता समितीच्या रोज दोन बैठका मारतो. ठराव असा झालाय, की नागपंचमीला कुस्तीच्या हौद्यातल्या नव्या मातीत पहिला हात तुमचा पडावा, मग तुमचा सत्कार व्हावा, आणि एक स्मरणिका निघावी. स्मरणिकेत तुमच्यावरचा मोठा लेख कुणी लिहायचा यावर फार वेळ गेला नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी त्यांचे पट्टशिष्य, वर लेखक," महारुद्र म्हणाला. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी त्यात पेढा घातला.

तालीम बरी आहे. एक यंत्र आलंय, त्यावर पोरं जागच्या जागी पळतात. किल्ल्याभोवती फुकट पळता येतं, हे त्यांना सांगून बघितलं. त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद कुणी घालत नाही, त्यामुळं ती आता डांबरी रस्त्याची बहीण शोभेल. तुमच्या मालिशच्या खोलीला कुलूप आहे. किल्ली तुम्ही घेऊन गेलात असं सगळे म्हणतात. किल्ली मारुतीच्या फोटोमागच्या खिळ्यालाच आहे. मला माहीत आहे, पण मीही कुणाला सांगितलेलं नाही.

परवा बसमध्ये एक कंडक्टर भेटला, जळकोटचाच. म्हणाला, "तुमच्या परंड्याचे वस्ताद आमच्यात ऱ्हातात की. मान धरली म्हणून गेलतो. म्हणले, माझे हात गेले, सोलापूरला दाखव. हात तर चांगले दिसत हुते, भाकरी चुरत हुते."

ज्या हातांनी पन्नास वर्षं अर्ध्या तालुक्याच्या माना, मनगटं आणि घोटे जागेवर आणले, ते असे कसे गेले? वय झालं असेल. मोठ्या माणसांचं होतं असं. जे झालं ते झालं, वस्ताद. तीन वर्षं काही थोडी नाहीत. तुम्ही या.

आपला,
उत्तरेश्वर

ता. क. स्मरणिकेसाठी तुमचा एक फोटो हवा, शक्यतो हसरा. नसला तर नुसता चालेल.


परंडा, ४ जुलै

वस्ताद,

उत्तर नाही, म्हणजे पत्र पोचलं.

लेखाला सुरुवात केली. पहिलं वाक्य अकरा वेळा लिहिलं. माझ्या 'चिमटा' सदरात मी आमदारापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना एका बैठकीत सोलतो, पण तुमच्याबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं की पेन धापा टाकतं. म्हणून म्हटलं, आधी वाचकाला तुमची पद्धत सांगावी.

तुम्ही माणसाला पाटावर पाठमोरा बसवायचा आणि डोळ्यांवर ओला टॉवेल बांधायचा. हात येताना दिसला की अंग आधीच आवळतं, असं तुमचं म्हणणं. एकदा टॉवेल बांधला की तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाही. कोमट करडईचं तेल, तुमचा अंगठा, आणि बाहेर हौद्यात पोरांचे शड्डू. कुस्तीत ज्या जागेवर दाब पडला की पैलवान लुळा पडतो, तीच जागा दुसऱ्या दाबानं त्याला उभा करते. पुस्तकवाले त्याला मर्म म्हणतात. तुम्ही नुसतं 'जागा' म्हणायचा. अशा बावीस जागा. आणि शिकायचा नियम एकच: आधी अंगावर, मग हातात. जी जागा दुसऱ्याची दाबायची ती आधी स्वतःची दाबून घ्यायची, ती कशी दुखते, कुठवर जाते, कधी सुटते ते सोसून बघायचं. मगच तिला हात लावायची परवानगी.

मी एकवीस सोसल्या. बाविसावी गळ्याखालच्या हाडाच्या मागं, खांद्याच्या आतल्या अंगाला. ती दाबली की हात काही तास मेल्यासारखा होतो. ज्या दिवशी माझी पाळी होती त्या दिवशी मला वाशीला मुलगी बघायला जायचं होतं. मी म्हटलं, "वस्ताद, पोहे खायला हात लागतो." तुम्ही हसलात आणि सोडलंत. मुलीनं मला नकार दिला, तो काही हातामुळं नव्हे. त्यानंतर दर दसऱ्याला तुम्ही आठवण करायचा, "उत्तऱ्या, एक राहिलीय." दर दसऱ्याला माझं काहीतरी निघायचं. हा किस्सा लेखात घालावा म्हणतो. वाचकाला आवडेल.

अडचण पुढं आहे. तुम्ही परंडा का सोडलंत, हे लिहावं लागणार. समितीनं वाक्य तयार ठेवलंय: 'एका दुर्दैवी प्रसंगानंतर वस्तादांनी निवृत्ती स्वीकारली.' वाशीचा शिवपुत्र खांदा धरून तालमीत आला, मालिश झालं, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची मिटेनाशी झाली, कुस्ती सुटली, एवढं सगळ्यांना पाठ आहे. वस्तादांनी पोराचा हात घालवला, असं गाव म्हणालं. पण स्मरणिकेत असलं लिहीत नाहीत. स्मरणिकेत माणसं एक तर जन्मतात नाही तर निवृत्त होतात.

आता तो विषय निघालाच आहे, तर माझ्या त्या 'अंगठ्याचे डॉक्टर' या लेखाचं तुम्हाला थोडं लागलं असेल. नाव घेतलं नव्हतं. 'किल्ल्याच्या सावलीतले एक वस्ताद' एवढंच होतं. आता परंड्यात किल्ला एकच आहे आणि वस्तादही एकच, हा माझा दोष नाही. गावात बोलणं चालूच होतं, पेपरला काहीतरी छापावंच लागलं असतं. दुसऱ्यानं लिहिलं असतं तर कडक लिहिलं असतं. मी आपलं सौम्य केलं. त्या लेखाला शाल-श्रीफळ मिळालं. श्रीफळाची बर्फी झाली. शाल आमच्या घरात इस्त्रीखाली अंथरतात.

कळवा.

उत्तरेश्वर


परंडा, १२ जुलै

वस्ताद,

काल दैवशालाची चिठ्ठी आली. तुमच्या माहितीसाठी उतरवतो, कारण तिनं ती तुम्हाला न सांगता लिहिली आहे:

'उत्तरेश्वरदादा, अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, त्यांना अक्षर दिसत नाही. तुमची दोन्ही पत्रं मीच वाचून दाखवली. ऐकताना ते नुसतं हातांकडं बघतात. राजनंदिनीचा कबड्डी खेळताना घोटा मुरगळला. महिना झाला, पोरगी लंगडते. डॉक्टर म्हणतात हाड चांगलं हाय. ती रडून अण्णांना म्हणाली, आजोबा, एकदा हात लावा. अण्णा उठून गोठ्यात जाऊन बसले. सख्ख्या नातीला हात लावंना झालेत. मला वाटायचं अंगातली ताकद गेली. पण ताकद गेलेला माणूस गोठ्यात जाऊन रडत नसतो. दादा, त्या दिवशी परंड्यात काय झालतं? मी विचारलं तर म्हणतात, माझ्या हातानं झालं, एवढंच. तुमी तिथं हुता. तुमी सांगा. न्हायतर पोरीचा पाय आन् बापाचे हात दोन्ही जातील.'

म्हणजे साष्टांगाचा विनोद दैवशालानं वाचला. शाल, बर्फी, 'मी आपलं सौम्य केलं', हे सगळं तिनं स्वतःच्या तोंडानं बापासमोर वाचलं. मी ते तुम्हाला लिहिलं होतं. तुम्हाला लिहिताना मला एक सोय होती: तुम्हाला सगळं माहीत आहे, तेव्हा काही सांगायची गरज नाही, आणि तुम्ही कुणाला सांगणार नाही, तेव्हा काही भीतीही नाही. हे पत्रही तीच वाचणार आहे.

तर दैवशाला, ऐक. मी तिथं होतो. चैत्रातल्या जत्रेच्या कुस्त्या होत्या. पहिल्या दिवशी शिवपुत्र खांद्यावर पडला. त्याचा बाप धुळाप्पा त्याला तालमीतल्या मालिशच्या खोलीत घेऊन आला. वस्तादांनी त्याला पाटावर बसवलं, टॉवेल बांधला, खांदा चाचपला. मग ते बाहेर गेले. मी गार पाण्याची पट्टी धरून उभा होतो. खोलीत उजेड कमी होता. धावपळ होती. अशा वेळी कुणाचं काय चुकतं हे नंतर सांगणं अवघड असतं, आणि खरं सांगायचं तर खांदा मुळातच

लाइट गेली आहे. पुढचं नंतर लिहितो.

दुपारचे बारा वाजलेत आणि खिडकीशी बसलोय. लाइट गेली तरी अक्षर स्वच्छ दिसतंय, हे आत्ता लक्षात आलं. तरी थांबतोच.

उत्तरेश्वर


परंडा, १८ जुलै

दैवशाला,

हे पत्र तुला. पण मोठ्यानं वाच. मध्ये काही गाळू नकोस. मला गाळायची सवय आहे, तुला नसावी.

वस्ताद बाहेर गेले, असं मी लिहिलं होतं. का गेले, ते लिहिलं नव्हतं. त्यांनी मला दाराबाहेर बोलावलं, पोराला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली घेतला, आणि म्हणाले, "हाड तडकलंय, उत्तऱ्या. दाबायचं न्हाय, ओढायचं न्हाय. बार्शीला फोटो काढायला न्यावं लागतंय. म्या जीप बघतो. तू नुसती पट्टी धर. हात लावू नको." तुझ्या बापाला आपल्या अंगठ्याची हद्द ठाऊक होती. 'अंगठ्याचे डॉक्टर'मध्ये मी नेमकं याच्या उलट लिहिलं होतं.

ते जीप बघायला गेले. धुळाप्पा त्यांच्यामागं गेला. खोलीत मी आणि तो पोरगा. त्याचे डोळे बांधलेले, माझ्याकडं पाठ. माझी पावलं ऐकून तो म्हणाला, "वस्ताद, उद्या माझी कुस्ती हाय. एकदाच दाबा. म्या सोसतो."

दैवशाला, मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो. पंचवीस वर्षं त्या तालमीत तेलाची वाटी धरली. बाहेर सगळ्यांना सांगत फिरलो, की वस्तादांनंतर मीच. पण मला आयुष्यात कुणी वस्ताद म्हटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

'मी उत्तरेश्वर आहे' एवढे तीन शब्द लागले असते. शब्दांची मला कधी टंचाई नसते.

मी त्याच्या गळ्याखालच्या हाडामागं अंगठा ठेवला. बाविसावी जागा. तीच, जी मी कधी अंगावर घेतली नव्हती. बघितली होती, वर्णनं केली होती, त्यावर एकदा भाषणही दिलं होतं. ती कुठवर जाते हे माझ्या अंगाला माहीत नव्हतं, त्यामुळं कुठं थांबायचं हेही माझ्या अंगठ्याला माहीत नव्हतं. मी दाबत गेलो, आणि दुसऱ्या हातानं त्याचा दंड ओढला. तुरीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. पोरगा ओरडला नाही. सोसतो म्हणाला होता, त्यानं सोसलं. थोड्या वेळानं एवढंच म्हणाला, "वस्ताद, बोटं कुठं गेली?"

मी भिंतीकडं सरकलो आणि तेलाची वाटी उचलली. ती कशासाठी उचलली, हे अजून मला सांगता येत नाही.

जीप घेऊन वस्ताद आले. त्यांनी खांद्याला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. टॉवेल सोडला. तोवर धुळाप्पा आत आला होता. पोराचा लोंबता हात बघून तो म्हणाला, "वस्ताद, काय केलंव हे?" तुझे वडील म्हणाले, "माझ्या हातानं झालं, धुळाप्पा. चल, जीपमधी बस." मी वाटी धरून उभा होतो. बार्शीहून पोराला सोलापूरला धाडलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस ताणून तुटली आहे, पुरती जुळायची नाही.

त्या रात्री उशिरा सोलापूरहून परतल्यावर वस्ताद मला एकच वाक्य बोलले. "हात धू." त्यानंतर तीन वर्षं त्यांनी माझ्याशी शब्द काढलेला नाही, आणि मी तो त्यांचा राग नाही, त्यांचं मोठेपण आहे असं स्वतःला समजावत आलो. मोठी माणसं जवळ असली की लहान माणसाची फार सोय होते.

मग गाव बोलायला लागलं. मालिशला त्या दिवशी कोण कोण होतं, असं दोघातिघांनी विचारलं. मी घरी गेलो आणि लेख लिहिला. जो माणूस वस्तादावर लिहितो तो त्या खोलीत अपराधी असेल, असं कुणाला वाटत नाही. म्हणून लिहिला. लोक हसले. पुढच्या आठवड्यात मालिशला एकही माणूस आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात तुझ्या बापानं खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि बसस्टँडवर जाऊन बसले. मी पोचवायला गेलो होतो. पिशवी मी उचलली होती. तू जळकोटला उतरवून घेतलीस ती पिशवी.

आपल्या तालमीत शिष्याची चूक वस्तादाच्या नावावर पडते, हा जुना रिवाज आहे. पण त्याला एक दुसरी बाजू आहे: शिष्यानं ती चारचौघांत परत मागून घ्यायची असते. मी मागितली नाही. म्हणून ती अजून त्यांच्या हातात आहे, आणि ते नातीच्या पायाला हात लावत नाहीत.

दैवशाला, हे वाचून झाल्यावर त्यांच्याकडं बघ आणि ते काय म्हणाले ते मला कळव. नको म्हणाले असतील तर तेही कळव.

उत्तरेश्वर


परंडा, २५ जुलै

वस्ताद,

दैवशालाचं बोलणं मोबाइलवर आलं. साडेचार मिनिटांचं आहे. त्यातली पहिली तीन मिनिटं मी तिचा कोण लागत नाही यावर आहेत. "दादा म्हणत हुते तुमाला. म्या तुमाला राखी बांधलीय. माझ्या बापाची पिशवी उचलताना हात कसा जळला न्हाय तुमचा?" हे मी चारदा ऐकलं. माझ्या सदरावर आजवर आलेल्या प्रतिक्रियांत एवढी नेमकी एकही नव्हती.

शेवटी तुमचा निरोप आहे. म्हणाली, पत्र वाचून झाल्यावर तुम्ही पोरानं 'वस्ताद' म्हटलं ते वाक्य परत वाचायला लावलंत. मग म्हणालात, "पत्र चुकीच्या पत्त्यावर घातलं म्हणावं. मला काय सांगतो? मला ठाऊकच हाय. ज्याला ठाऊक न्हाय त्याला लिही म्हणावं." आणि वर म्हणालात, "उत्तऱ्याची एक राहिलीय. घ्यायला ये म्हणावं."

येतो. नागपंचमीला सकाळी.

महारुद्रला सांगितलं, की वस्ताद सत्काराला येणार नाहीत, लेख मी लिहिणार नाही, आणि का नाही तेही सांगितलं. त्यानं दार लावून घेतलं. म्हणाला, "गुरू, झालं गेलं. पत्रिका वाटल्यात. खरं ते नागपंचमीनंतर बोला की. खरं काय पळून जातंय का?" तीन वर्षं हेच माझं मत होतं, त्यामुळं वाद घालता आला नाही. तिथून उठलो आणि पेपरच्या कचेरीत या आठवड्याचा 'चिमटा' देऊन आलो. संपादकांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. म्हणाले, "यात विनोद कुठाय?" मी म्हटलं, "सहीत."

उत्तरेश्वर


जळकोट, ३० जुलै

शिवपुत्र,

तू मला ओळखतोस ते तेलाची वाटी धरणारा माणूस म्हणून. ओळखत नसशील तरी चालेल. अक्षर वाईट आलंय, त्याचं कारण पुढं आहे.

जत्रेच्या दिवशी परंड्याच्या तालमीत तुझ्या डोळ्यांवर टॉवेल होता आणि तू म्हणालास, वस्ताद, एकदाच दाबा. तिथं वस्ताद नव्हते. ते तुला बार्शीला न्यायला जीप बघत होते. खांद्याला हात लावू नको असं मला बजावून गेले होते. तुझा खांदा दाबला तो अंगठा माझा होता, दंड ओढला तो हात माझा होता. बोटं कुठं गेली असं तू विचारलंस ते मला विचारलंस, आणि मी गप्प बसलो. तुझ्या वडिलांना वस्ताद म्हणाले की माझ्या हातानं झालं. ते खोटं होतं. मी ते खोटं तीन वर्षं वापरलं. वर त्याच्यावर लेख लिहिला. सोबत या आठवड्याच्या पेपरचं कात्रण आहे, त्यात हे सगळं माझ्या नावानं छापलंय. तुझ्या वडिलांना वाचून दाखव.

काल नागपंचमी होती. परंड्याच्या तालमीत सत्काराची खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर वस्तादांचा फोटो मांडला आणि फोटोला हार घातला, असं कळलं. महारुद्रला फोन करून म्हटलं, हार काढ, माणूस माझ्यासमोर भाकरी खातोय. काढला म्हणाला.

इथं जळकोटला वस्तादांनी मला अंगणात पाटावर पाठमोरा बसवलं. शर्ट काढायला लावला. त्यांना दिसत नाही, पण टॉवेल माझ्याच डोळ्यांवर बांधला, नियम म्हणून. त्यांची नात राजनंदिनी तेलाची वाटी धरून उभी होती. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, उठून गेले. मग त्यांचा अंगठा गळ्याखालच्या हाडामागं आला. तीन वर्षांत त्यांनी माणसाला लावलेला तो पहिला हात. तुला काय झालं ते मी आजवर हजार वेळा शब्दांत मांडलं होतं, सगळं चुकीचं होतं. आधी आग झाली, मग पाणी, मग काहीच नाही. वस्तादांनी विचारलं, "काय वाटतं?" माझ्या तोंडून तुझंच वाक्य गेलं. ठरवून नाही. बोटं खरंच नव्हती.

"इथं थांबायचं असतं," ते म्हणाले. "इथनं पुढं केसभर गेलास की माणूस जातो." आणि अंगठा उचलला. "झाल्या बावीस."

मग तो हात तसाच हवेत राहिला थोडा वेळ. मला टॉवेलमुळं दिसलं नाही, राजनंदिनीनं नंतर सांगितलं. मग म्हणाले, "नंदे, पाय आण." ती वाटी ठेवून बसली. पाऊण तास तिचा घोटा त्यांच्या मांडीवर होता. दैवशाला दारात उभी राहून बघत होती. माझ्याशी ती अजून बोलत नाही, पण जेवायला ताट मांडलं. परंड्याला चला असं मी वस्तादांना म्हटलं, तर म्हणाले, "वाशीवरनं काय निरोप येतो ते बघू. त्या पोरानं म्हटलं तर येतो."

माझा हात तीन तास मेलेला होता. जेवण झाल्यावर मी शर्ट घालायला गेलो आणि गुंडी लागेना. चार वेळा बघितलं. शेवटी राजनंदिनीनं लावली, हसत हसत, पोरीला गंमत वाटली. मी तिथं उभा राहिलो आणि मला तुझी आठवण आली. तुझ्या गुंड्या कोण लावतं, हे मला तीन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. तुझ्या हातावर मी अख्खं पान लिहिलं होतं. त्यात गुंडी नव्हती.

हात तीन तासांनी हलला, पण बोटांत जीव आला तो आज सकाळी. मुंग्या आहेत अजून, म्हणून अक्षर असं. दोन दिवसांत तेही जाईल. तुझं जाणार नाही, हे मला माहीत आहे.

माफी मागत नाही. ती मागायला पत्र ही फार सोयीची जागा आहे. शनिवारी सकाळच्या गाडीनं वाशीला येतोय. तुझी पिठाची गिरणी स्टँडच्या मागं आहे असं कळलं. गिऱ्हाईक असलं तर बाहेर थांबेन. धुळाप्पा घरात असतील तर त्यांनाही बोलाव. तू काही बोलशील, हाकलशील, अंगावर येशील, ते कर.

आल्यावर तुझ्यासमोर उभा राहीन, पाठीमागं नाही. या वेळी टॉवेल नाही. कोण आलंय ते नीट बघून घे.

उत्तरेश्वर